डोंगरउतारावरील धान्यें

महाडहून पोलादपूरकडे जातांना सखल भागांतील भातखाचरें पाहून परक्या प्रवाशास वाटतें कीं, हा मुलूख केवळ तांदळाचा. परंतु त्याची दृष्टि वर सह्याद्रीच्या उताराकडे गेली, तर निराळी शेती दिसे. पाणी तुंबतें तेथें भात. जेथें पाणी ठरत नाहीं त्या वरकस जमिनींत नाचणी, वरी आणि हरीक. एका तुकड्यांत हीं धान्यें पाळीपाळीनें घेऊन मग ती जमीन कांहीं वर्षें पडीत ठेवावयाची, अशी कोंकणांतील जुनी रीत. भात निघाल्यावर उरलेल्या ओलीवर वाल व कुळीथ येत.

खोतीच्या काळीं पिकलेल्या भाताचा मोठा वाटा खंडापोटीं जाई आणि कुळाच्या ताटांत नाचणीची भाकरी राही. त्यामुळें नाचणी खाणें हें गरिबीचें लक्षण ठरलें, व घरीं चार पैसे आले कीं पहिली गच्छन्ति तिचीच. धान्याची प्रतिष्ठा आणि त्याचें सत्त्व यांची अशी फारकत क्वचितच पाहावयास मिळते! हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनें २०१७ सालीं प्रसिद्ध केलेल्या कोष्टकांप्रमाणें शंभर ग्रॅम नाचणींत सुमारें ३६४ मिलिग्रॅम कॅल्शियम असतें. सडलेल्या पांढऱ्या तांदळांत दहा मिलिग्रॅमही भरत नाहीं. लोहही नाचणींत कितीतरी अधिक. प्रथिनांत मात्र ती तांदळावर मात करीत नाहीं, हेंही सांगितलें पाहिजे. ती उणीव भाकरीसोबतचें कुळथाचें पिठलें भरून काढी. शिवाय नाचणी दळली जाते ती कोंड्यासकट. तांदूळ गिरणींत पांढराशुभ्र होतांना त्याचें ‘ब’ जीवनसत्त्व कोंड्याबरोबर निघून जातें. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जावा बेटांत डॉक्टर आइकमान यांस बेरीबेरी रोगाचा माग लागला तो अशाच सडलेल्या तांदळावर पोसलेल्या कोंबड्यांवरून.

नाचणींतील सर्वच लोह अंगीं लागत नाहीं. धान्यांतील फायटेट नामक द्रव्य तें अडवून धरतें. भिजवून मोड आणल्यानें हें द्रव्य कमी होतें. लहान मुलांसाठीं नाचणीचें सत्त्व करणाऱ्या आजीबाईंना रसायनशास्त्र ठाऊक नव्हतें, पण कृति बिनचूक होती.

मग हीं पिकें मागें कां पडलीं? उतारावरची शेती माणसांच्या हातांवर चालते, आणि या तालुक्यांतील तरुण हात पिढ्यान्‌पिढ्या मुंबईस गेले. उरलेल्या वृद्धांना चढणीवरची लावणी, बेणणी झेपेना. त्यांतच शिधापत्रिकेवर मिळणारें धान्य आलें. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानें तें अल्प किमतीचें झालें व २०२३ पासून मोफत. या धान्यानें अनेकांची भूक भागली, त्यास नांवें ठेवणें कृतघ्नपणाचें होईल. परंतु त्यांत भर मुख्यतः तांदूळ व गहू यांचा. फुकट तांदूळ दारीं येत असतां नाचणीसाठीं कोणी डोंगर चढावा?

इकडे शहरांत २०२३ हें संयुक्त राष्ट्रांचें भरडधान्य वर्ष साजरें झालें, आणि नाचणीचीं बिस्किटें सुबक वेष्टनांत विकलीं जातात. वरीची आठवण मात्र अजून एकादशीसच होते. बिस्किटांत पुष्कळदां मैदा व साखर किती, हें वेष्टनाच्या मागील बाजूस बारीक अक्षरांत वाचावें. त्यापेक्षां सबंध नाचणी आणून घरीं दळणें बरें. शेतकऱ्यास दाम मिळाला तरच पेर टिकेल, कारण या पिकांचें बियाणें घरोघरीं राखलेलें असतें. लवकर निघणारी हळवी नाचणी निराळी, उशिरा येणारी गरवी निराळी. एखाद्या वाडींत सलग कांहीं वर्षें पेर चुकली, तर तेथील वाण पुन्हां कोणाकडे मागावयाचें?