न दुखणाऱ्या हृदयाची खबर



परळी, तेलगाव, अंबाजोगाईहून आपण आलात.

हृदय प्रत्यारोपणावर परिषद आणि ती सिरसाळ्यात का, असे काहींनी विचारले. मुंबईच्या केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी १९६८ च्या फेब्रुवारीत देशातले पहिले हृदय प्रत्यारोपण केले. रुग्ण काही तासच जगला. ऑगस्ट २०१५ मध्ये पुण्याहून आणलेले हृदय मुलुंडला बसले, आणि जानेवारी २०१६ मध्ये आपल्या मराठवाड्यातून, औरंगाबादहून, हृदय विमानाने मुंबईला गेले. शस्त्रक्रिया मुंबईत होते, पण माणूस राहायला गावीच परततो. पुढची वर्षे त्याला सांभाळायचे ते तुम्ही-आम्ही.

नव्या हृदयाच्या नसा कापलेल्या असतात, म्हणून रक्तवाहिन्या आवळल्या तरी छातीत बहुधा दुखत नाही. दम लागणे, पायांवर सूज, अशाच खुणा, त्याही उशिरा. आंतरराष्ट्रीय नोंदी सांगतात की दहा वर्षांत जवळपास निम्म्या रुग्णांत वाहिन्या आवळण्याचा हा आजार दिसतो. पाटात सर्व बाजूंनी सारखा गाळ बसावा तशी वाहिनी आतून सगळीकडे जाड होते. त्यामुळे सुरुवातीला साध्या अँजिओग्राफीलाही चकवा बसतो. शिवाय दरवर्षी नळी घालून ही अँजिओग्राफी करून घेण्यासाठी ऊसतोडीला जाणाऱ्या घराने मुंबई गाठायची कशी?

म्हणून नळीविना होणाऱ्या तपासण्या महत्त्वाच्या. सीटी अँजिओग्राफीत वाहिनीची भिंतही दिसते. पण या हृदयाचे ठोके मुळातच जलद, आणि शरीराने हृदय नाकारू नये म्हणून दिल्या जाणाऱ्या टॅक्रोलिमसने आधीच ताणलेल्या मूत्रपिंडांना सीटीसाठी टोचलेल्या औषधाचा भार पडतो. पेट स्कॅन स्नायूतला रक्तप्रवाह मोजतो, लहान वाहिन्यांतला बिघाडही पकडतो. माझ्या मते सर्वात मोलाची तपासणी हीच, पण ती मोठ्या शहरांतच. डोब्युटामिन देऊन केलेली स्ट्रेस इको त्या मानाने स्वस्त. मात्र लवकरचा आजार तिच्या हाती लागेलच असे नाही. ती नॉर्मल आली म्हणून रुग्णाला निर्धास्त करून घरी पाठवू नका, ही माझी कळकळीची विनंती.

कोणाची इको जिल्ह्यात करायची, कोणाला सीटी किंवा पेटसाठी पुढे धाडायचे आणि नळीची अँजिओग्राफी कधी टाळायचीच नाही, याचा एक मराठी तक्ता आज संध्याकाळपर्यंत तयार व्हावा. कागद, पेन आणि चहा प्रत्येक टेबलावर ठेवला आहे. अध्यक्षमहोदयांनी पहिल्या सत्राला सुरुवात करावी.