दोन्ही विषय पेलणाऱ्या शिक्षकासाठी





कायदा आणि कृत्रिम बुद्धिमत्ता यांचा एकत्र विचार करणाऱ्या या परिषदेसाठी कोल्हापूर ही योग्य जागा आहे. इथल्या वकिलांनी आणि पक्षकारांनी चाळीस वर्षांहून अधिक काळ लढा दिला, तेव्हा 18 ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सहा जिल्ह्यांसाठी सुरू झाले. शहाजी विधी महाविद्यालय तर 1933 पासून कायदा शिकवत आहे. आता उणीव आहे ती डेटा सायन्सही जाणणाऱ्या कायद्याच्या प्राध्यापकांची.

ही उणीव कुठे भासते? जालन्याच्या 2014 च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज मुदतीत भरला होता का, हा वाद कार्यालयातल्या व्हिडिओ चित्रीकरणावर येऊन ठेपला. उमेदवार अर्जुन पंडितराव खोतकर यांच्या त्या खटल्यात, मूळ उपकरण हजर केले नसेल तर इलेक्ट्रॉनिक पुराव्याला प्रमाणपत्र लागेलच, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 14 जुलै 2020 रोजी दिला. आता भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 खालच्या प्रमाणपत्रात फाइलचे हॅश मूल्य नोंदवावे लागते, तज्ज्ञाचीही सही लागते. फाइलमधले एक अक्षर बदलले तरी हे मूल्य बदलते. ते का, हे ज्या वकिलाला कोणी शिकवलेच नाही, त्याने त्या तज्ज्ञाची उलटतपासणी घ्यायची कशी? ऑक्टोबर 2025 मध्ये तर मुंबई उच्च न्यायालयाने एक प्राप्तिकर आकारणीच रद्द केली, कारण आदेशात आधाराला घेतलेले निवाडे अस्तित्वातच नव्हते. कृत्रिम बुद्धिमत्तेने दिलेली उत्तरे पडताळल्याशिवाय वापरू नका, असे न्यायालयाने त्या वेळी बजावले.

पडताळणी शिकवणारा माणूस घडतो कसा, तेही पाहा. बी.ई. झालेल्या मुलीला तीन वर्षांचा एलएल.बी. करता येतो, पुढे एलएल.एम. आणि पीएच.डी.ही करता येते. पण नेट परीक्षा एकाच विषयाची आणि प्राध्यापकाची जागाही एकाच विभागाची. मुलाखतीत विधी विभाग तिला संगणकवाली समजतो आणि संगणक विभाग वकील. इतकी वर्षे शिकलेली ही मुले मग मोठ्या शहरांतल्या कंपन्यांत जातात. यात त्यांचा दोष मला दिसत नाही.

नुकसान आपले होते. तालुका न्यायालयांतल्या जबान्या, फेरफार, वाटणीपत्रे, हक्कसोडपत्रे मराठीत असतात. ती यंत्राला वाचायला शिकवणे आणि यंत्र कुठे चुकले ते पकडणे, हे संशोधन इथेच, या कागदांच्या गावी व्हायला हवे.

म्हणून उपस्थित कुलगुरूंना आणि प्राचार्यांना माझी कळकळीची विनंती आहे. दोन विभागांची मिळून निदान एक जागा निर्माण करा, दोन्ही विषयांतले मार्गदर्शक एकाच विद्यार्थ्याला द्या, आणि तसा ठराव याच परिषदेत मंजूर करा.