लातूरचं जुनं स्टेशन आणि बार्शी लाइट

आज लातूरच्या जुन्या स्टेशनाविषयी बोलू. आत्ता मुंबईची गाडी जिथून सुटते ते नव्हे. त्याच्या आधीचं, भर बाजारपेठेतलं.

ही लाइन बार्शी लाइट रेल्वेची. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनियरनं १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी हा पहिला तुकडा सुरू केला. रुळांमधलं अंतर फक्त अडीच फूट. इंजिन असो की वाघीण, कुठल्याच आसावर ५ टनांहून जास्त भार येणार नाही असा त्याचा हिशेब होता, म्हणून हलके, स्वस्त रूळ चालले. (हाच गृहस्थ पुढे वैमानिकांसाठी पॅराशूट बनवायला लागला!)

१९११ मध्ये गाडी लातूरला पोचली. लातूर तेव्हा निजामाच्या राज्यात. रेल्वे आली आणि मराठवाड्यातल्या मालाला थेट कुर्डुवाडीची वाट मिळाली. सहा वर्षांनी, १९१७ मध्ये, गंजगोलाई वसली. मधे अंबाबाईचं देऊळ, भोवती गोल पेठ आणि सोळा रस्ते. लोक गोलाईचं कौतुक करतात, ते रास्तच आहे. पण माल बाहेर न्यायला रेल्वे नसती, तर एवढी पेठ भरली असती का? मला नाही वाटत.

आता यातली गोम बघा. कुर्डुवाडीला मोठी लाइन. छोट्या वाघिणीतलं पोतं न पोतं उतरवायचं आणि मोठ्या वाघिणीत चढवायचं, हमालांच्या पाठीवरून. पुढे ट्रक आले. ते आडत्याच्या दारातून माल उचलायचे, मधे कुठे उतरवायची भानगड नाही. मग व्यापारी रेल्वेकडे कशाला जाईल? १९५४ मध्ये सरकारनं कंपनी ताब्यात घेतली, तरी गेज तेच राहिलं. लातूरकरांनी ब्रॉडगेजसाठी वर्षानुवर्षं मागणी केली. ती पुरी झाली २००७-०८ मध्ये. पण नवं स्टेशन झालं ते पेठेपासून लांब, आणि बाजारातलं जुनं स्टेशन बंद पडलं. म्हणजे मागितलं ते मिळालं, पण पेठेतून चालत जाऊन गाडीत बसायची सोय गेली. बाहेरगावची माणसं रिक्षावाल्याला नुसतं 'स्टेशन' म्हणतात. जुनी माणसं 'कुठलं?' असं विचारतात.

आता २०१६ चा दुष्काळ आठवा. एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली. पहिल्या खेपेला १० टँकर, ५ लाख लिटर. मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, लातूर. आपण सगळ्यांनी टीव्हीवर बघितली ती. हा रस्ता बार्शी लाइटचाच हो! १९२७ मध्ये मिरजेपर्यंत पोचलेली छोटी लाइन लातूर ते मिरज अशी, सव्वातीनशे किलोमीटर होती. रूळ रुंद झाले, काही ठिकाणी वाट बदलली, पण गावं तीच. शंभर वर्षं त्या वाटेनं लातूरचा माल बाहेर गेला, आणि त्या उन्हाळ्यात त्याच वाटेनं पाणी आत आलं.

ज्यांनी जुन्या स्टेशनावरून ती छोटी गाडी पकडली असेल, त्यांनी आठवणी आवाजात रेकॉर्ड करून जरूर पाठवा. पुढच्या भागात कुर्डुवाडी.