मोजपट्टी, मेंदू आणि रुग्णालयाचे अंतर



लहान मुलांच्या मेंदूवरील शस्त्रक्रिया हा विषय पंचायत सदस्य, शिक्षक आणि विकास अधिकारी यांच्या सभेत कशासाठी, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. मेंदूची शस्त्रक्रिया म्हटली की मोठे शहर, मोठे रुग्णालय आणि मोठा खर्च एवढेच डोळ्यांसमोर येते. परंतु या शस्त्रक्रियेचे यश केवळ शस्त्रक्रियागृहात ठरत नाही. मूल तेथे वयाच्या कितव्या महिन्यात पोचले, आणि घरी परतल्यावर पुन्हा त्रास झाला तर ते किती तासांत रुग्णालय गाठू शकते, यांवरही ते अवलंबून असते. या दोन्ही गोष्टी गावातच ठरतात. पूर्व आफ्रिकेतील युगांडा या देशात झालेल्या कार्याच्या आधारे हाच मुद्दा मी आपणापुढे मांडणार आहे.

डोक्यात साचणारे पाणी

जलशीर्ष, म्हणजेच हायड्रोसेफॅलस, हा तान्ह्या मुलांच्या मेंदूचा एक गंभीर विकार आहे. मेंदूच्या आत पोकळ्या असतात. त्यांमध्ये एक स्वच्छ द्रव अखंड तयार होतो, मेंदू व मज्जारज्जू यांभोवती फिरतो आणि अखेरीस रक्तात शोषला जातो. ही वाट कोठे अडली, तर बांध घातलेल्या ओढ्याप्रमाणे द्रव मागे फुगत जातो. तान्ह्या बाळाच्या कवटीची हाडे अद्याप जुळलेली नसतात. त्यामुळे डोके भराभर वाढू लागते. टाळू फुगीर व ताठ होते, डोक्यावरील शिरा ठळक दिसतात, बुबुळे खाली झुकतात. वेळीच उपचार झाले नाहीत तर दृष्टी आणि बुद्धी यांची हानी होते, आणि अनेक मुले दगावतात.

२०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ४ लाख बालकांना हा विकार होतो. त्यांतील बहुसंख्य बालके कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतील असतात. मेंदूचे शल्यविशारद मात्र नेमके याच देशांत कमी आहेत.

नळी आणि तिचे बंधन

१९५० च्या दशकात या विकारावर एक प्रभावी उपाय मिळाला. झडप बसविलेली बारीक नळी त्वचेखालून नेऊन मेंदूतील जास्तीचा द्रव शरीरात अन्यत्र, आजकाल बहुधा पोटाच्या पोकळीत, सोडावयाचा. या नळीला शंट म्हणतात. तिने असंख्य मुलांचे प्राण वाचविले आहेत आणि आजही वाचवीत आहे.

परंतु नळी ही अखेर नळीच. ती तुंबते, निसटते, तिला जंतुसंसर्ग होतो. सुमारे निम्मे शंट पहिल्या दोन वर्षांतच निकामी होतात. नळी एकाएकी तुंबली तर काही तासांतच जीव धोक्यात येऊ शकतो. रुग्णालय जवळ असेल तर नळी बदलता येते. परंतु जेथे पावसाळ्यात रस्ता बंद होतो आणि प्रवासाचे भाडे जमविण्यास दोन दिवस लागतात, तेथे तीच नळी मुलाला आयुष्यभर दूरच्या रुग्णालयाशी बांधून ठेवते. म्हणून रुग्णालयाचे अंतर हा या आजाराचाच एक भाग मानला पाहिजे.

एम्बाले येथील कार्य

बेंजामिन वॉर्फ हे अमेरिकन शल्यविशारद २००० मध्ये युगांडात गेले. पूर्वेकडील एम्बाले या गावी मुलांसाठी स्थापन झालेल्या क्युअर रुग्णालयात त्यांनी कामास प्रारंभ केला. श्रीमंत देशांतील पद्धत जशीच्या तशी न उचलता त्यांनी दोन प्रश्न विचारले.

पहिला प्रश्न असा की, महागडाच शंट आवश्यक आहे काय? आपल्या उत्तर प्रदेशातील शहाजहानपूर येथे तयार होणारा छाब्रा शंट त्या वेळी सुमारे ३५ डॉलरला मिळे, तर पाश्चात्त्य बनावटीच्या एका शंटची किंमत सुमारे ६५० डॉलर होती. १९५ मुलांमध्ये या दोहोंची तुलना करण्यात आली. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार एक वर्षानंतर दोन्ही गटांतील परिणामांत लक्षणीय फरक आढळला नाही. भारतीय बनावटीच्या एका साध्या वस्तूने आफ्रिकेतील गरीब कुटुंबांचा भार हलका केला, ही आपणांस समाधान देणारी गोष्ट आहे.

दुसरा प्रश्न अधिक मूलभूत होता: मुळात नळीच टाळता येईल काय? दुर्बिणीच्या साहाय्याने मेंदूतील पोकळीच्या तळाशी छिद्र पाडून द्रवाला नवी वाट करून देण्याची शस्त्रक्रिया पूर्वीपासून ज्ञात होती. परंतु एका वर्षाखालील बालकांत ती पुरेशी यशस्वी होत नसे. वॉर्फ यांनी तिला द्रव तयार करणाऱ्या रक्तवाहिन्यांचे जाळे जाळून टाकण्याच्या क्रियेची जोड दिली. एका वर्षाखालील बालकांत केवळ छिद्र पाडल्याने ४७ टक्के, तर दोन्ही क्रिया मिळून ६६ टक्के यश लाभले. पुढे सहा महिन्यांखालील १०० बालकांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. वर्षअखेरीस दोन्ही पद्धतींच्या मुलांच्या बौद्धिक विकासात लक्षणीय अंतर नव्हते. दुर्बिणीची शस्त्रक्रिया सर्वच मुलांत यशस्वी होत नाही, हे खरे. मात्र ती अयशस्वी ठरावयाची असल्यास बहुधा पहिल्या सहा महिन्यांतच ठरते; शंटचा धोका आयुष्यभर सोबत करतो. दूरच्या खेड्यातील आईच्या दृष्टीने हा भेद फार मोठा आहे.

वॉर्फ २००६ मध्ये मायदेशी परतले. तरी काम थांबले नाही, कारण डॉ. जॉन मुगाम्बा यांच्यासारखे युगांडाचेच शल्यविशारद तयार झाले होते.

शस्त्रक्रियेपूर्वीचा उपाय

एम्बाले येथील ३०० मुलांच्या पाहणीत सुमारे ६० टक्के मुलांचा विकार जंतुसंसर्गामुळे उद्भवल्याचे दिसून आले. बहुतेकांना हा संसर्ग जन्मानंतरच्या पहिल्याच महिन्यात झाला होता. २०२० मध्ये संशोधकांनी त्यामागील एका जंतूचा, पेनिबॅसिलसचा, शोध लावला. नवजात बाळाचा ताप किंवा दूध न ओढणे या गोष्टी किरकोळ मानून चालणार नाही, हा त्याचा अर्थ.

जन्मतः कणा दुभंगलेल्या, म्हणजे स्पायना बिफिडा असलेल्या, मुलांतही जलशीर्ष वारंवार आढळते. ज्या मातांना पूर्वी असे अपत्य झाले होते, त्यांना गर्भधारणेच्या आधीपासून फॉलिक आम्ल दिल्यास हा दोष पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण ७२ टक्क्यांनी घटते, असे १९९१ मधील ब्रिटिश संशोधनाने दाखविले. गर्भाचा कणा पहिल्या २८ दिवसांतच मिटतो. तोवर अनेक स्त्रियांना आपणांस दिवस गेल्याचे ठाऊकही नसते. म्हणून ही गोळी आधीपासूनच, आरोग्य केंद्राच्या सल्ल्याने, घ्यावी लागते. अन्नपदार्थांत फॉलिक आम्ल मिसळण्याचा आग्रह धरणारा ठराव जागतिक आरोग्य सभेने २०२३ मध्ये संमत केला.

आपण काय करावे?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ २०१३ मध्ये आपल्या पालघर येथून झाला. मज्जासंस्थेचे जन्मजात दोष शोधणे हे त्याच्या कार्यकक्षेत येते. यंत्रणा आहे, ती गावाने वापरली पाहिजे.

अंगणवाडीतील साधी मोजपट्टी येथे पुष्कळ काम करू शकते. भुवयांच्या वरून व डोक्याच्या मागील सर्वांत पुढे आलेल्या भागावरून घेर मोजावा. पूर्ण दिवसांच्या नवजात बाळाच्या डोक्याचा घेर साधारणतः ३३ ते ३७ सेंटिमीटर असतो. पहिले तीन महिने तो दरमहा सुमारे २ सेंटिमीटर, पुढील तीन महिने सुमारे १ सेंटिमीटर वाढतो. एका मोजमापापेक्षा दोन मोजमापांतील फरक अधिक बोलका असतो. म्हणून नोंद ठेवणे अगत्याचे. वाढ भराभर होत असेल तर दृष्ट किंवा बाहेरची बाधा समजून आठवडे दवडू नयेत.

शिक्षकांनी आपल्या वर्गातील शंट असलेल्या मुलाची माहिती ठेवावी. असे मूल डोकेदुखीची तक्रार करू लागले, ओकू लागले किंवा वर्गात पेंगू लागले, तर तो आळस समजू नये. त्याच दिवशी पालकांना कळवावे. ज्या रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली, त्याचे नाव व दूरध्वनी क्रमांक शाळेत लिहून ठेवावा. पंचायतीने अशा कुटुंबाची वाहनाची व भाड्याची सोय आधीच ठरवून ठेवावी. रात्री-अपरात्री शोधाशोध करण्याची वेळ येऊ नये.

शल्यविशारद प्रत्येक तालुक्यात असू शकणार नाही. पण डोक्याचा घेर मोजणारा हात, मुलाचे पेंगणे ओळखणारी नजर आणि वेळेवर निघणारे वाहन या तीन गोष्टी प्रत्येक गावात असू शकतात. त्या असतील तरच शल्यविशारदाच्या कौशल्याचे चीज होईल.