सवंगड्यांतील मुलाचे स्थान
(जत येथे प्राथमिक शिक्षकांपुढे केलेले भाषण)



हजेरीपत्रकात प्रत्येक मुलाला क्रमांक असतो. परंतु मुलांनी आपापसांत त्याला दिलेला क्रमांक कोणत्याच दप्तरात सापडत नाही. शिवाय तो वर्गात एक असतो व मैदानावर दुसरा. आपल्या जत तालुक्यात हे अंतर विशेष जाणवते. पूर्व भागात कित्येकांची घरची भाषा कन्नड. विटीदांडूत ज्याच्या शब्दावर डाव चालतो, तोच मुलगा मराठी धडा वाचताना अडखळला की वर्ग हसतो. दिवाळीच्या सुमारास आईबापांबरोबर ऊसतोडीला गेलेले मूल उन्हाळ्यात परतते, तेव्हा त्याची जागा भरलेली असते व जोडीदार दुसऱ्याचा झालेला असतो. बुडालेले धडे आपण भरून काढू. पण मोडलेली जोडी?

बसण्याची जागा ही मला किरकोळ बाब वाटत नाही. १९०० च्या सुमारास साताऱ्यात शिकत असता आपणांस क्रमांकाप्रमाणे वर्गमित्रांत बसता येत नसे, कोपऱ्यात वेगळ्या गोणपाटावर बसावे लागे व ते गोणपाट रोज घरी नेऊन परत आणावे लागे, असे डॉ. आंबेडकरांनी स्वतः लिहून ठेवले आहे. तो पायंडा मुलांनी घातलेला नव्हता. मुले जागेवरून माणसाची किंमत ठरवितात, आणि जागा देतात ती मोठी माणसे. त्याच साताऱ्यात १९२४ साली भाऊराव पाटील यांनी निरनिराळ्या जातींच्या मुलांना एका वसतिगृहात, एका पंगतीला बसविले.

जेकब मोरेनो यांनी अमेरिकेत १९३४ साली ग्रंथरूपाने मांडलेली एक रीत आपणांसही सहज करता येईल. ‘शेजारी कोण बसावा?’ एवढे प्रत्येकाकडून चिठ्ठीवर लिहून घ्यावे. ज्याचे नाव एकाही चिठ्ठीवर नाही, त्याच्याकडे आधी पाहावे. चिठ्ठ्या मात्र वर्गात वाचून दाखवू नयेत. औषधाचे विष होईल.

एका वस्तीवरील शाळेत असाच एक मुलगा चैत्रात उसाच्या फडावरून परतला. गुरुजींनी गणिताचे पुस्तक मिटले व त्यालाच विचारले, “एका मोळीत ऊस किती? गाडीत मोळ्या किती?” त्याने भराभर सांगितले. मुले हिशेब मांडू लागली व अडली की त्याच्याकडे पाहू लागली. मधल्या सुट्टीत गडी निवडताना त्याचे नाव घेतले गेले. पहिले नव्हे, चौथे की पाचवे. पण घेतले गेले.