४५ घरं आणि ४६वी खोली

कोड्यांची आवड असणाऱ्या श्रोत्यांशी आज मला एका व्हिडिओ गेमबद्दल बोलायचं आहे. गेमचं नाव ‘ब्लू प्रिन्स’. टोंडा रोस यांनी जवळपास आठ वर्षं खपून तो तयार केला आणि एप्रिल २०२५मध्ये तो बाजारात आला.

गोष्ट सायमन नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाची. त्याच्या चुलत आजोबांनी माउंट हॉली ही हवेली मृत्युपत्रात त्याच्या नावे केली आहे, पण एका अटीवर. ४५ खोल्यांच्या त्या घरातली ४६वी खोली त्याने शोधून काढायची. रात्री आत मुक्काम करायचा नाही. सायमन बाहेर तंबूत झोपतो आणि सकाळी आत येऊन बघतो, तर कालची मांडणी पुसली गेलेली!

कारण ही हवेली रोज आपणच उभी करायची असते. नकाशात नऊ आडव्या ओळी, प्रत्येक ओळीत पाच घरं. सर्वांत खाली मधोमध प्रवेशदालन, सर्वांत वर मधोमध अँटीचेंबर. दार उघडायला गेलं की तीन खोल्यांचे आराखडे समोर येतात. त्यांतला एक निवडायचा आणि ती खोली दारापलीकडे तयार होते. सुरुवातीला दिवसाला पन्नास पावलं मिळतात. खोलीतून खोलीत गेलं की एक पाऊल कमी.

नवा खेळाडू सरळ वरच्या दिशेने, अँटीचेंबरकडे धावतो. माझं मत असं, की या खेळात खोल्यांपेक्षा दारं मोलाची. समजा, आपण चौथ्या ओळीत आहोत आणि न उघडलेलं एकच दार शिल्लक आहे. समोर कोठीची खोली आली. तिच्यात किल्ली, रत्न आणि नाणं अशा तिन्ही गोष्टी आहेत, मोह होतोच. पण कोठीला पुढे दार नाही. ती घेतली की रस्ता तिथेच बंद आणि त्या दिवसाचं बांधकामही. हीच कोठी अगदी खालच्या कोपऱ्यात बसवली, तर वस्तू मिळतात, वाट अडत नाही आणि एक बंद खोली त्या दिवसापुरती पर्यायांतून कमी होते. चार दारांची खोली मिळाली म्हणूनही हुरळून जाऊ नये. शेजारच्या खोलीची त्या बाजूला भिंत असेल, तर ते दार असून नसल्यासारखं. म्हणून निवड करण्याआधी आजूबाजूची घरं बघायची, मगच हात घालायचा.

वर जावं तशी कुलपं वाढतात. अँटीचेंबरची दारं तर आपण तिथवर पोचलो तरी बंदच असतात. ती उघडण्याचे खटके घराच्या इतर खोल्यांत आहेत. म्हणजे नुसती उंची गाठून भागत नाही, घर रुंदीतही पसरावं लागतं.

४५ खोल्यांच्या घराच्या या कल्पनेचं मूळ एका पुस्तकात आहे. ख्रिस्तोफर मॅन्सन यांचं ‘मेझ’ १९८५ साली निघालं. त्यातही ४५ खोल्या, प्रत्येक खोली म्हणजे एक चित्र, आणि त्यांतून कमीत कमी पावलांचा मार्ग शोधायचा. त्या पुस्तकाचं ऋण रोस यांनी उघडपणे सांगितलं आहे.

‘ब्लू प्रिन्स’मधला मला सर्वांत भावलेला भाग मात्र भिंतींवर आहे. बहुतेक खोल्यांत दोन छोटी चित्रं टांगलेली दिसतात. दोन्ही चित्रांतल्या वस्तूंची इंग्रजी नावं शेजारी शेजारी लिहिली, तर एका अक्षराचा फरक निघतो. ते अक्षर टिपायचं. गंमत अशी, की चित्रं खोलीबरोबर हलत नाहीत. ती नकाशातल्या त्या घराला बांधलेली आहेत. आज तिथे शयनगृह असो की उद्या ग्रंथालय, चित्रं तीच. रोज मोडणाऱ्या या घरात न बदलणारा एक मजकूर पहिल्या दिवसापासून आपल्यासमोर असतो, पण घर कितीही छान बांधलं तरी खोल्यांच्या नावांकडे बघून तो हाती लागत नाही. जागेकडे बघावं लागतं. तो मजकूर काय, हे मी इथे सांगणार नाही. खेळायला बसाल तेव्हा चौकटीचा कागद घ्या, पाच बाय नऊची घरं आखा आणि प्रत्येक घरात त्याचं अक्षर भरत जा. कोपऱ्यातली घरं राहून जातात, तेव्हा एखादा दिवस वर जायचा नाद सोडून फक्त त्यांच्यासाठीच बांधकाम करा.