रॉ पॉइंटर: हमी कोणाची?

रॉ पॉइंटर म्हणजे मेमरीतला नुसता पत्ता. त्या पत्त्यावरची वस्तू अजून शिल्लक आहे का, तिची हद्द कुठे संपते, त्याच क्षणी आणखी कोणी तिच्यात लिहीत आहे का, यातले काहीही पॉइंटर सांगत नाही. सी भाषेत हे सारे प्रोग्रामरने मनात धरायचे असते. २०१५ साली १.० आवृत्ती आलेल्या रस्टने इथे एक सीमा आखली. रॉ पॉइंटर तयार करणे, तो फंक्शनला देणे, दुसऱ्याशी ताडून पाहणे यांना कंपायलरची हरकत नसते; त्या पत्त्यावर जाऊन वाचायचे किंवा लिहायचे झाले की मात्र 'अनसेफ' ब्लॉक उघडावा लागतो. तिथे कंपायलर आपली हमी मागे घेतो आणि ती प्रोग्रामरवर येते.

ही हमी मोडली की काय होते, ते हैदराबादने पाहिले आहे. १९ जुलै २०२४ रोजी सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी क्राउडस्ट्राइकच्या सुरक्षा सॉफ्टवेअरची एक छोटी फाइल जगभर रवाना झाली. सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यावर अडकले, आणि हैदराबादहून कोलकात्याला निघालेल्या प्रवाशाच्या हाती इंडिगोचा पेनाने लिहिलेला बोर्डिंग पास पडला. कंपनीने नंतर जाहीर केलेले कारण अगदी साधे होते. तपासणीचा साचा २१ इनपुटांसाठी आखलेला होता. ती पुरवणारा कोड मात्र २०च देत होता. एकविसाव्या जागी तोवर 'काहीही चालेल' अशी खूण असल्याने चाचण्यांत हे उघडे पडले नाही. त्या दिवशीच्या फाइलने प्रथमच एकविसाव्याची तुलना मागितली. पॉइंटरांच्या अ‍ॅरेच्या पलीकडे जे काही पडले होते ते पत्ता म्हणून वाचले गेले आणि कर्नलमधला ड्रायव्हर कोसळला. कर्नलमध्ये ड्रायव्हर कोसळला की अख्खा संगणकच बंद पडतो.

रस्ट असते तर हे टळले असते, असे छातीठोकपणे म्हणणारे पुष्कळ भेटतात. ते अर्धेच खरे. रस्टमध्ये हद्दीबाहेरचा क्रमांक मागितला की पॅनिक होतो, आणि कर्नलमध्ये पॅनिकही संगणकाला खाली बसवू शकतो. खरा फरक पडतो तो लांबी सोबत बाळगणारी स्लाइस घेऊन 'गेट' वापरल्यावर: उत्तर 'नाही' आले तर काय करायचे, हे लिहावेच लागते. उलट वेगासाठी 'गेट-अनचेक्ड' वापरले, तर रस्टमधला ड्रायव्हरही त्याच खड्ड्यात जाईल.

पॉइंटरमागे जाण्यापूर्वीच्या अटी मोजक्या आहेत. मेमरी अजून मोकळी केलेली नसावी, वाचन तिच्या हद्दीत असावे, तिथे योग्य प्रकारचे मूल्य भरलेले असावे, पत्ता त्या प्रकाराच्या अलाइनमेंटला जुळावा. नेटवर्क पॅकेटमधून चार बाइटांचा आकडा उचलताना शेवटची अट हमखास मोडते. तिथे 'रीड-अनअलाइन्ड' वापरावे. सर्वांत फसवी अट एकाधिकाराची. रॉ पॉइंटरपासून बदलता येणारा रेफरन्स केला, की तो वापरात असेपर्यंत ती मेमरी दुसऱ्या वाटेने वाचायचीही नाही. कंपायलर हे गृहीत धरून कोडची फेररचना करतो, म्हणून डीबग बिल्डमध्ये बरोबर चाललेला कोड रिलीज बिल्डमध्ये चुकीची उत्तरे देऊ शकतो. मधला रेफरन्स न करता थेट रॉ पॉइंटर मिळवण्याची सोय १.८२ आवृत्तीपासून भाषेतच आहे. आणखी एक खाच: 'अ‍ॅड' वापरून पॉइंटर मूळ मेमरीच्या शेवटापलीकडे, म्हणजे शेवटच्या घटकानंतरच्या जागेच्याही पुढे, सरकवणे हाच नियमभंग आहे, मग तिथले काही वाचा अथवा न वाचा.

अनसेफ ब्लॉक तेवढा तपासला की काम झाले, हा समज मात्र घातक आहे. रस्टच्या व्हेक्टरमध्ये एक पॉइंटर, एक क्षमता आणि एक लांबी असते. त्याच मॉड्यूलमधल्या एखाद्या सुरक्षित फंक्शनने लांबीचा आकडा एकाने वाढवला, तर तिथे अनसेफ शब्दही लागत नाही, कंपायलरही गप्प बसतो. पण दुसरीकडचा निर्दोष अनसेफ ब्लॉक आता न भरलेली मेमरी वाचतो. वीस आणि एकवीस यांची गोष्ट इथेही तीच: चूक एका जागी, कोसळणे दुसऱ्या जागी. म्हणून पॉइंटर आणि लांबी खासगी ठेवून मॉड्यूल लहान करावे, आणि तपासणी अख्ख्या मॉड्यूलची करावी.

मिरी या साधनाखाली चाचण्या चालवल्या तर यातल्या बऱ्याच चुका सापडतात. पण ज्या वाटेने चाचणी गेलीच नाही, तिथले मिरीला दिसत नाही, आणि सी लायब्ररीतल्या बहुतेक कॉलपुढे ते थांबते. त्यामुळे प्रत्येक ब्लॉकवर 'सेफ्टी' टीप लिहिण्याची प्रथा केवळ शिष्टाचार नाही. 'इथे पॉइंटर वैध आहे' एवढे लिहिणे निरुपयोगी. तो कोणी दिला, लांबी कुठे तपासली आणि मेमरी कधी मोकळी होणार, हे तिथे यायला हवे.

मायक्रोसॉफ्टचे विकासकेंद्र हैदराबादेत १९९८ पासून आहे. आपण दुरुस्त करतो त्या सुरक्षा-त्रुटींपैकी सुमारे ७० टक्के मेमरीच्या गैरवापरातून येतात, असे त्याच कंपनीने २०१९ मध्ये सांगितले. या शहरात ड्रायव्हर आणि फर्मवेअर लिहिणाऱ्या मराठी अभियंत्यांना एवढीच विनंती: हमी लिहिलेली नसलेला अनसेफ ब्लॉक रिव्ह्यूला आला, तर तो चालतो की नाही हे न पाहता परत पाठवावा.